पान हलकं, बाटली जड

मला टाइप २ मधुमेह आहे, गोळी एकच, मेटफॉर्मिनची, आणि कामाच्या दिवसांत रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. बायको घरी पोचते तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. मी तिच्या तासभर आधी येतो. तेवढ्या वेळात आंघोळ, राहिलेले फोन, उद्याची तयारी आणि जेवण, सगळं उरकायचं असतं. अशा घाईत हात आपोआप भाताकडे नाहीतर ब्रेडकडे जातो. पोट भरतं, पण दोन तासांनी बोट टोचलं की मीटरवर नको तो आकडा येतो. ‘रात्री हलकं जेवा’ असं सगळेच सांगतात. हलकं म्हणजे वाडगाभर सॅलड, असं धरून ते खाल्लं की साडेअकराला फ्रिजचं दार उघडावंसं वाटतं. उपाशी झोपणाऱ्या माणसाचं पथ्य फार दिवस टिकत नाही, हे कळायला डॉक्टर लागत नाही.

म्हणून लेट्यूस रॅप्स. खिम्यासारखं खमंग, सुकं सारण करायचं, ते लेट्यूसच्या पानात चमचा-दोन चमचे घ्यायचं, पान मुडपायचं आणि हातानेच खायचं. अर्ध्या तासात होतात, भांडी कमी पडतात आणि जेवल्यासारखं वाटतं. मात्र या पदार्थाची जी कीर्ती आहे, ‘पिठाच्या जागी पान, म्हणून मधुमेहाला उत्तम’, ती अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी गोष्ट सॉसच्या बाटलीत असते.

आधी पानाचं श्रेय पानाला देऊ. लेट्यूसमध्ये साधारण पंचाण्णव टक्के पाणी असतं. शंभर ग्रॅम पानांत कर्बोदकं दोन ते साडेतीन ग्रॅम, आणि त्यातलाही बराच भाग तंतू. आठ इंची मैद्याच्या एका टॉर्टियात, म्हणजे रॅपसाठी वापरतात त्या मेक्सिकन पोळीत, कर्बोदकं पंचवीस ग्रॅमच्या आसपास असतात. रात्रीच्या जेवणात दोन टॉर्टिया गेल्या तर पन्नास ग्रॅम नुसत्या आवरणातच गेले. पानाने ते वाचतात. इथपर्यंत काही वाद नाही.

आता सारणाकडे या. लेट्यूस रॅपच्या बहुतेक पाककृतींत होईसिन हा सोयाबीनचा दाट, गोडसर चिनी सॉस असतो, वरून मध असतो आणि रस्सा दाट करायला कॉर्नफ्लोअर असतं. एका मोठ्या चमच्यात होईसिनमधून सात ग्रॅम कर्बोदकं येतात, मधातून सतरा आणि कॉर्नफ्लोअरमधून सात. दोघांच्या सारणात तीन चमचे होईसिन, एक चमचा मध आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर हे प्रमाण काही उधळपट्टीचं नाही, सर्रास दिसणारं आहे. बेरीज करून दोनने भागलं तर माणशी बावीस-तेवीस ग्रॅम. अर्धा कप शिजलेल्या भातातही जवळपास तेवढीच असतात. म्हणजे भात टाळायला पान घेतलं आणि सॉसमधून अर्धा कप भात परत आणला. तोही भाताचं समाधान न देता.

ही बेरीज मी कागदावर मांडली तेव्हापासून स्वयंपाकघरात माझा क्रम बदलला. आधी सॉस ठरतो, मग बाकी सगळं.

बाटलीमागचं लेबल वाचायला फार विद्वत्ता लागत नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते; जे सगळ्यांत जास्त ते सगळ्यांत आधी. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर तो सॉस नव्हे, तिखट सरबत आहे असं मी समजतो. गोड चिली सॉस, तेरियाकी, बार्बेक्यू सॉस हे बहुतेक याच जातीचे. मध किंवा मेपल सिरप ‘नैसर्गिक’ असतं म्हणून चालतं, ही समजूत मीटरला मान्य नाही. तिथे ती साखरच. आणखी एक गंमत लेबलावर असते, ती म्हणजे एका वाढपाचं प्रमाण. बाटलीवर ते एक चमचा लिहिलेलं असतं, पण बाटली उलटी धरून एक चमचा ओतणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माझा सॉस असा. दोघांसाठी कमी सोडियमचा सोया सॉस दीड मोठा चमचा, तांदळाचं किंवा साधं व्हिनेगर एक मोठा चमचा, साखर न घातलेलं पीनट बटर एक मोठा चमचा, भाजलेल्या तिळाचं तेल एक छोटा चमचा, चिली फ्लेक्स झेपतील तेवढे आणि किसलेली लसणाची एक पाकळी. हे सगळं वाटीत घेऊन दोन चमचे कोमट पाण्यात फेटायचं. सुरुवातीला पीनट बटर हट्टाने गोळ्या धरून बसतं, सोया सॉस एकीकडे, ते दुसरीकडे. काट्याने मिनिटभर फेटत राहिलं की एकदम मिळून येतं, रंग तपकिरी होतो आणि काटा उचलला की दाट धार पडते. होईसिनमध्ये आपल्याला जो दाटपणा आणि भरीवपणा आवडतो, तो बराचसा यात मिळतो. गोडवा कमी, हे खरं. पण पहिल्या एक-दोन खेपांनंतर तो आठवतही नाही, आणि गाजर परतल्यावर त्याचा स्वतःचा गोडवा उतरतोच. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल त्यांनी ताहिनी, म्हणजे तिळाची पेस्ट, घ्यावी. चव किंचित कडवट लागते, लिंबू जरा जास्त पिळायचं.

सोया सॉसचा मुद्दा वेगळा, तो साखरेचा नाही, मिठाचा आहे. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात नऊशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात दोन हजार मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. मधुमेहाबरोबर रक्तदाबही असलेल्यांची संख्या मोठी आहे आणि मीही त्यांतलाच. कमी सोडियमच्या बाटलीतही चमच्याला पाचशे-सहाशे असतंच, त्यामुळे ‘कमी’ वाचून हात सैल सोडायचा नाही. मी सारणात वेगळं मीठ अजिबात घालत नाही. आंबट आणि तिखट वाढवलं की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. लिंबू इथे मिठाचं अर्धं काम करतं.

सॉस बाजूला ठेवला की पानं. ती सारणाच्या आधी धुवायची, कारण त्यांना सुकायला वेळ लागतो.

कोणतं लेट्यूस घ्यायचं यावर लोक हिरिरीने बोलतात. मला बटरहेड आवडतं. त्याची पानं मऊ, मूळचीच वाटीसारखी खोलगट, मुडपली तरी तुटत नाहीत. ते मिळालं नाही तर आइसबर्ग. ते कुरकुरीत आणि थंडगार लागतं, गरम सारणाखाली तो थंडावा फार छान वाटतो, पण पान कडेला तडकतं, म्हणून एकात एक अशी दोन पानं घ्यावी लागतात. रोमेन होडीसारखं लांबट, मधली शीर जाड. बाहेरची मोठी पानं रॅपला आडमुठी, आतली लहान मात्र घासाघासाला बरोबर. पोषणाच्या हिशेबात रोमेन आणि बटरहेड पुढे, जीवनसत्त्व के तर आइसबर्गच्या कितीतरी पट. इथे एक सावधगिरी. वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्वाचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं असतं. एरवी हिरवा पाला न खाणाऱ्याने एकदम रोज गड्डाभर रोमेन सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आइसबर्गची पानं अख्खी सोडवणं हे कौशल्याचं काम वाटतं, पण युक्ती सोपी आहे. गड्डा बुंध्याच्या बाजूने ओट्यावर एकदा जोरात आपटायचा. आतला कठीण दांडा सुटतो. तो बोटांनी पिळून बाहेर ओढायचा. जो खळगा पडतो त्यात नळाची धार सोडायची. पाणी पानापानांच्या मधे शिरतं आणि वरची पानं स्वतःहून सैल होतात. मग एकेक पान बुंध्याकडून उचलत आणायचं. वरच्या टोकाला धरून ओढलं की फाटलंच म्हणून समजा. बटरहेडला एवढा खटाटोप नाही. देठापाशी सुरी फिरवली की पानं हातात येतात. बटरहेडच्या पानांच्या चुण्यांत माती बसते, त्यामुळे ती पाण्याच्या पातेल्यात बुडवून हलवायची आणि वर उचलून घ्यायची, म्हणजे माती तळाशी राहते.

धुण्यापेक्षा सुकवणं महत्त्वाचं. ओल्या पानावर सारण ठेवलं की सॉस पातळ होतो, घसरतो आणि मनगटावरून कोपराकडे निघतो. सॅलड स्पिनर असेल तर उत्तम. माझ्याकडे आहे, पण मी बहुतेक वेळा स्वच्छ सुती फडक्यावर पानं पालथी पसरतो, वरून दुसरं फडकं टाकून हलके दाबतो आणि तशीच निथळत ठेवतो. तोपर्यंत सारण होतं. फ्रिजमध्ये राहून पानं मरगळली असतील तर टाकू नका. बर्फाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवली की पेशी पाणी ओढून घेतात आणि पान पुन्हा ताठ होतं. उरलेली पानं कागदी रुमालात गुंडाळून डब्यात, आणि तो डबा सफरचंद-केळ्यांपासून लांब. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने लेट्यूसवर तांबूस-तपकिरी ठिपके पडतात.

सारणासाठी चिकनचा खिमा तीनशे ग्रॅम, मशरूम दीडशे ग्रॅम, अर्धं लहान गाजर, पातीचा कांदा तीन-चार काड्या, बोटाच्या पेराएवढं आलं, लसणाच्या दोन-तीन पाकळ्या. कुरकुरीतपणासाठी पाककृतींत डब्यातले वॉटर चेस्टनट, म्हणजे एक चिनी कंद, असतात. ते छान लागतात, थोडे घातले तर बिघडत नाही, पण त्यांत पिष्ट आहे हे लक्षात ठेवायचं. मी त्यांच्याऐवजी ब्रोकोलीचा दांडा वापरतो, जो बहुतेक घरांत कचऱ्यात जातो. वरची जाड साल सोलली की आत फिकट हिरवा, रसाळ गाभा असतो. त्याचे डाळीएवढे तुकडे शेवटच्या मिनिटाला घातले की दाताखाली तसाच कडाका येतो.

आता कढई. या पदार्थात सगळी करामत पाणी घालवण्यात आहे. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, खिम्यात पाणी, आणि दोन्ही एकदम कढईत ओतले की परतणं राहतं बाजूला, सगळं स्वतःच्याच पाण्यात उकडून निघतं. राखाडी रंग, लिबलिबीत पोत, आणि पान भिजून चिंध्या. म्हणून मी आधी मशरूम एकटे घेतो. बारीक चिरून, मोठ्या आचेवर, सुरुवातीला तेलाशिवाय. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, मग ते पाणी सोडतात आणि कढईत डबकं साचतं. इथे घाबरून आच कमी करायची नाही. आवाजाकडे लक्ष द्यायचं. पाणी असेपर्यंत तो ओला, बुडबुड्यांचा असतो; पाणी संपलं की एकदम कोरडा, तडतडता होतो. तो बदल ऐकू आला की छोटा चमचाभर तेल सोडायचं, मिनिटभरात कडा सोनेरी होतात. मग मशरूम ताटलीत काढून ठेवायचे. आकाराने निम्म्याहून कमी झालेले असतात आणि वासाला मांसासारखे खमंग.

त्याच कढईत पुन्हा थोडं तेल तापवून खिमा पसरायचा आणि दोन-तीन मिनिटं त्याला हात लावायचा नाही. हे सगळ्यांत कठीण. डाव हातात असला की माणसाला ढवळल्याशिवाय राहवत नाही. पण खालची बाजू तपकिरी झाली तरच सारणाला चव येते. तळाशी रंग धरला की उलटायचं, डावाच्या कडेने मोडत मोडत मोकळं करायचं. मग मधे जागा करून आलं-लसूण तिथे टाकायचं, वास सुटला की सगळं एकत्र. चिकन आतपर्यंत चौऱ्याहत्तर अंश सेल्सिअसला पोचलं की शिजलं. खिम्याचे गोळे मोडून घ्यायचे, कुठेही गुलाबी ठेवायचं नाही, पण नुसत्या रंगावर भरवसा नको, खात्री थर्मामीटरच देतो. किसलेलं गाजर, मशरूम, सॉस, आणि अगदी शेवटी ब्रोकोलीचा दांडा आणि पातीचा कांदा. सॉस घातल्यावर मिनिटभर आळू द्यायचा. कढई तिरकी धरली आणि तळाशी रस जमला नाही म्हणजे तयार. थोडा रस वाटलाच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घालतो. पाव छोट्या चमच्यात ग्रॅमभरही कर्बोदकं नसतात, त्याचा बाऊ करण्यात अर्थ नाही.

गॅस बंद करून लिंबू पिळायचं, मूठभर कोथिंबीर आणि पुदिना फाडून टाकायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. कढईतून थेट पानावर घेतलेलं सारण पान शिजवून टाकतं.

हे सगळं मिळून माणशी कर्बोदकं पंधरा ते अठरा ग्रॅम आणि प्रथिनं तीस ग्रॅमच्या आसपास होतात, पानं आणि सोबतची काकडी धरून. साडेअकराची भूक मोडते ती या प्रथिनांनी. पान फक्त धरायला.

पहिल्यांदा मी हे टेबलावर मांडलं तेव्हा बायकोने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“अहो, हे जेवण आहे की जेवणाआधीचं काहीतरी?”

“खाऊन बघ, मग बोल.”

“बघते. पण भात आहे ना थोडा?”

भात होता. तिला मधुमेह नाही, दिवसभर उभ्याने काम असतं, तिने माझं पथ्य का पाळावं? ती पानात आधी चमचाभर भात घेते, त्यावर सारण. कोरियात पानात भात, भाजलेलं मांस आणि तिखट चटणी अशी पुरचुंडी करून खाण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे तिचं खाणं परंपरेला जास्त धरून आहे असं म्हणता येईल. तसंही हा पदार्थ काही पथ्याच्या माणसांनी शोधलेला नाही. कँटनी स्वयंपाकात परतलेला खिमा लेट्यूसमध्ये वाढतात. सिसिलिया चियांग यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘मँडरिन’ या रेस्टॉरंटमध्ये कबुतराच्या पिल्लाच्या मांसाचा खिमा लेट्यूसमध्ये मिळायचा. त्यांचा मुलगा फिलिप आणि पॉल फ्लेमिंग यांनी १९९३ साली ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये ‘पी. एफ. चँग्ज’ सुरू केलं आणि तिथून चिकन लेट्यूस रॅप जगभर पोचला. तेव्हा कोणी कर्बोदकं मोजत नव्हतं. चवीला चांगलं लागतं म्हणून खात होते. ‘डाएट फूड’ असा शिक्का बसलेल्या पदार्थांविषयी मला संशय असतो, पण हा त्यांतला नाही, म्हणून टिकला.

एका पानात दोन मोठे चमचे, जास्त नाही. पान तळहातावर घ्यायचं, सारण मधोमध ओळीत ठेवायचं, खालची कड वर मुडपायची आणि दोन्ही बाजू एकमेकींवर आणायच्या. मोठा रॅप बांधायच्या फंदात पडू नये. दोन-तीन घासांत संपेल एवढाच करावा. एकेक पान भरून खाल्ल्याने जेवण आपोआप सावकाश होतं, आणि हेही पोट भरल्याचं कळायला उपयोगी पडतं.

मीटरचं सांगतो. कोणताही नवीन पदार्थ मी दोनदा तपासतो, जेवायला बसण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. शेवटच्या घासापासून नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचं बहुतेक प्रौढांसाठीचं उद्दिष्ट जेवण सुरू केल्यापासून एक-दोन तासांनी १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असं आहे. कोणाचं किती असावं हे वय आणि औषधं पाहून डॉक्टर ठरवतात. भाताच्या रात्रींशी तुलना केली तर या रॅपनंतर माझी साखर निम्म्यानेही चढत नाही. तयार गोड सॉस घालून केलेलं सारण मात्र मीटर लगेच ओळखतो. तेच पान, तेच चिकन, तरी आकड्यात स्पष्ट फरक. दुसऱ्याच्या शरीरात तेवढाच फरक पडेल असं नाही, म्हणून आपापला मीटर वापरावा.

मी भातच खायचा नाही असं व्रत घेतलेलं नाही. मधुमेहाच्या ताटाची जी साधी रीत सांगतात, नऊ इंची ताटलीचा अर्धा भाग पिष्ट नसलेल्या भाज्या, पाव भाग प्रथिनं, पाव भाग पिष्टमय, त्यात भाताला जागा आहेच. दमून आलेल्या दिवशी मीही थोडा घेतो. फक्त पानात नाही, शेवटी. २०१५ साली ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास आला होता. मेटफॉर्मिन घेणारे टाइप २ चे अकरा जण. तेच जेवण, पण भाज्या आणि प्रथिनं आधी व ब्रेड आणि संत्र्याचा रस नंतर असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. अकरा माणसांवर सिद्धान्त उभा करू नये, पण क्रम बदलायला काही खर्च नाही आणि माझ्या मीटरला तो पटलेला आहे. दोन-तीन रॅप आधी, मग दोन-तीन चमचे भात, उरलेलं सारण घालून. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणंही असंच बिनखर्चाचं.

आता गंभीर भाग, आणि तो वगळू नका. माझ्या एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याची शक्यता फार कमी असते. जे इन्सुलिन घेतात, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेतात, त्यांचं तसं नाही. औषधाचा डोस नेहमीच्या भात-ब्रेडच्या जेवणावर बेतलेला असतो. एका रात्री अचानक कर्बोदकं पंधरा ग्रॅमवर आणली आणि डोस तोच ठेवला तर साखर सत्तरच्या खाली जाऊ शकते, तीही झोपेत. असं जेवण सुरू करण्याआधी डोसाविषयी डॉक्टरांशी बोलायचं, किंवा नेहमीइतकी कर्बोदकं सोबत ठेवायची. हातपाय थरथरणं, घाम, धडधड असं जाणवलं आणि मीटर सत्तरच्या खाली दाखवत असेल तर पंधरा ग्रॅम लगेच विरघळणारी साखर, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या किंवा अर्धा कप फळांचा रस घ्यायचा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तेव्हा पीनट बटर कामाचं नाही. स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो.

मांस न खाणाऱ्यांसाठी घट्ट टोफू. डब्यातून काढून फडक्यात गुंडाळायचा, वर जड तवा ठेवायचा आणि पानं धुऊन होईपर्यंत तसाच सोडायचा. मग हाताने कुस्करून खिम्यासारखाच, पसरून, न ढवळता परतायचा. कडा कोरड्या आणि तांबूस व्हायला चिकनपेक्षा जास्त वेळ लागतो. घाई केली तर सॉस चिकटत नाही. टोफूत प्रथिनं चिकनपेक्षा कमी, म्हणून दोघांना चारशे ग्रॅम घ्यावा आणि वरून भाजलेले शेंगदाणे किंवा तीळ पेरावे. शिजवलेल्या मसुराचं सारणही चांगलं होतं, पण मसुरात कर्बोदकं बरीच असतात. तंतू भरपूर असल्याने साखर हळू चढते, तरी हिशेबात धरावी लागतात. तसल्या दिवशी भात नाही.

सारण मी मुद्दाम दुपटीने करतो. दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये गेलं तर तीन-चार दिवस उत्तम राहतं, आणि दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चवदार लागतं. ऑफिसच्या डब्यात सारण वेगळं, पानं वेगळी, लिंबाची फोड तिसऱ्या डबीत. गरम फक्त सारणच करायचं. सकाळी भरून नेलेला रॅप दुपारपर्यंत ओला बोळा झालेला असतो, त्यामुळे भरायचं ते जेवायला बसल्यावरच. गड्ड्याच्या पोटातली चिमुकली पानं मुडपायला उपयोगाची नसतात. ती मी काकडीबरोबर चिरून व्हिनेगर शिंपडून खातो. ती ऑम्लेटमध्ये घालावीत असं बायकोचं म्हणणं आहे. लेट्यूस शिजवायचं मला अजून पटलेलं नाही.